पाच साखळ्या पूर्वेकडे

"चतुःसीमा सांग," काका म्हणाले.

मी दारात उभी होते. दोन्ही हातांत बॅगा, पाठीवर लॅपटॉप, बाहेर उणे अठरा आणि माझं नाक वाहतंय. टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कहून तीन तास गाडी हाकत मी खोली बघायला आले होते आणि घरमालक मला उंबऱ्यावरच थांबवून परीक्षा घेत होते.

"काय सांगू?"

"चतुःसीमा व. आता राहतेस त्या घराच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला कोण, दक्षिणेला कोण. खरेदीखतात लिहीत नाहीत काय?"

मी एकोणिसाव्या मजल्यावरच्या कॉन्डोत राहत होते. पूर्वेला एलिव्हेटर होता. दक्षिणेला हवा होती. पश्चिमेला एक बाई राहायच्या, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. त्यांच्या कुत्र्याचं माहीत होतं. तेवढं मी सांगून टाकलं. काकांनी माझ्याकडे अशा काही कणवेनं पाहिलं की मला घरदार वाहून गेल्यासारखं वाटलं. मग आत तोंड करून ते ओरडले, "अवं, पोरगी चांगली दिसते! पण हिले शेजारीच नाहीत. ठेवून घेऊ!"

अशी मला ती माडीवरची खोली मिळाली. ऑफिसनं घरून काम करायची परवानगी दिली होती, टोरांटोची भाडी डोक्यावरून चालली होती, म्हणून मी लंडनच्या, म्हणजे आमच्या ऑन्टारिओतल्या लंडनच्या पुढे अर्ध्या तासावरच्या त्या गावात राहायला गेले. सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि दोन वर्षं राहिले. आता परत टोरांटोत, एटोबिकोला आहे. शेजाऱ्यांची नावं पाठ आहेत.

काका अमरावतीकडचे. चाळीस वर्षं सरकारी भूकरमापक. शेताच्या हद्दीवरून भावाभावांत जुंपली की साखळी घेऊन जायचं, जमीन मोजायची, कुणाचा बांध कुठं ते दाखवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हा त्यांचा धंदा. मुलगी लंडनला हॉस्पिटलमध्ये नर्स. तिनं या गावात एक जुनं कॉटेज घेतलं आणि आईवडिलांना बोलावून त्यात ठेवलं. तिला वाटलं, बाबा आता शांतपणे बागकाम करतील.

बाबा येताना सुटकेसमध्ये लोखंडी साखळी घेऊन आले! तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, आपल्याकडे शेत मोजायला वापरतात ती. निवृत्त झाल्यावर हातपाय लुळे पडल्यासारखं वाटायला लागलं म्हणून त्यांनी स्वतःसाठी बाजारातून नवी विकत घेतली होती. विमानतळावर कस्टमवाल्यानं ती बॅगेतून ओढायला सुरुवात केली, तर निघतेय, निघतेय, संपेचना. त्यानं विचारलं, हे कशासाठी? काकांनी इंग्रजीत सांगितलं, "फॉर मेजरिंग कॅनडा, सर." काकू हा किस्सा सांगायच्या तेव्हा पदरानं डोळे पुसायच्या. काका मात्र गंभीर असायचे. त्यांना त्यात हसण्यासारखं काहीच दिसत नव्हतं.

गाव एवढंसं. एक चर्च, एक पिवळ्या विटांची एका खोलीची शाळा, पशुखाद्याचं एक दुकान, चार कॉटेजेस एका रांगेत आणि पुढे मक्याची शेतं. इंग्लंडमधल्या एकाच खेड्यातून काही कुटुंबं पूर्वी इथं आली होती. त्यांनी गावाला आपल्या गावाचंच नाव दिलं, तिकडच्यासारखीच कॉटेजेस बांधली आणि तिकडच्यासारखीच शाळा. ही सगळी माहिती मला आल्याच्या दिवशी जेवताना मिळाली. ताटात पिठलं-भाकरी आणि समोर काकांची भिंतभर टांगलेली वंशावळ, कुणाची तर त्या इंग्रजांची.

चालताना काका बोलत नसत. पावलं मोजत. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर मुलीनं दिलेल्या पार्काची, त्या जाड कोटाची, टोपी आणि ओठ हलताहेत. समोरून कुणी "गुड मॉर्निंग" म्हटलं की काका हात वर करून म्हणत, "टू हंड्रेड ट्वेल्व्ह!" थांबले तर आकडा चुकेल ना. गावानंही ते स्वीकारलं होतं. पशुखाद्यवाला त्यांना दिसला की स्वतःच काहीतरी आकडा ओरडायचा. त्यामुळे काकांचा हिशोब चुकायचा आणि ते परत चर्चपासून सुरू करायचे.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे चारही कॉटेजेसचे त्यांनी तयार केलेले सातबारा. होय, सातबारा! मोठ्या कागदावर पट्टीनं रेघा मारून, अस्सल मराठीत. वर कब्जेदारांची नावं, खाली पीकपाहणी. कॉटेज क्रमांक एक, कब्जेदार विल्यम, धंदा जोडे शिवणे, पश्चात विधवा एलन. पीक: बटाटा, रूबार्ब, पैकी थोडे पडीक. ही माहिती त्यांनी चर्चच्या जुन्या वह्यांतून, थडग्यांवरून आणि मुख्यतः मार्गारेटबाईंकडून काढली होती.

मार्गारेटबाई आमच्या पूर्वेच्या लगतधारक, म्हणजे शेजारीण. वय चौऱ्याऐंशी. त्या शाळेच्या शेवटच्या काही विद्यार्थ्यांपैकी एक. आजी, आई आणि त्या, तिघी त्याच शाळेत शिकल्या. त्या काकांना "मिस्टर सर्व्हेयर" म्हणत. रोज सकाळी दहाला चहाला येत आणि काकूंच्या हातचा आल्याचा चहा पिऊन काकांच्या प्रश्नांची उत्तरं देत. त्यांच्यामुळे गावभर बातमी झाली आणि एकेक म्हाताऱ्या येऊन विचारायला लागल्या, "माझं सेव्हन-ट्वेल्व्ह झालं का हो?" एका बाईला पीकपाहणीत 'पडीक' लिहिल्याचा राग आला. तिनं उन्हाळ्यात येऊन स्वतःच्या बागेतले टोमॅटो काकांच्या टेबलावर आदळले. काकांनी लगेच दुरुस्ती केली आणि तारीख घातली.

आणि पंचनामे! पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी घसरून रस्त्याकडेच्या चारीत गेली. विंटर टायर्स घेतले नव्हते, आपलीच अक्कल. मी फोन केला तर काका धावत आले. बर्फ उपसायला शोव्हल आणतील म्हणून बघते तर हातात पॅड आणि पेन.

"काका, आधी गाडी काढूया ना! मला तीनला कॉल आहे!"

"गाडी काढली की पुरावा गेला. हल नको. मार्गारेटबाई, यू आर पंच नंबर वन."

मार्गारेटबाई त्या थंडीत आनंदानं पंच नंबर वन झाल्या. गाडीचं तोंड कुठे, चाकं कुठे, बर्फ किती, सगळं लिहून, सह्या घेऊन मग शोव्हल करायला सुरुवात झाली. मी कॉलला चाळीस मिनिटं उशिरा पोचले आणि मॅनेजरला खरं कारण सांगू शकले नाही.

पण त्या माणसाला खरं वेड शाळेचं होतं. शाळा कधीची बंद, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात, आत खुर्च्या रचून ठेवलेल्या. चावी मार्गारेटबाईंकडे. शाळेची जुनी दैनंदिनी काकांना तिथेच एका कपाटात सापडली होती आणि ते ती रात्रीच्या जेवणानंतर पोथीसारखी वाचून दाखवत. 'आज अकरा मुले गैरहजर. बटाटे काढणी.' 'प्रत्येक मुलाने शेगडीसाठी एक लाकूड आणावे, न आणल्यास दाराजवळ बसावे.' 'शिक्षिका या आठवड्यात तिसऱ्या कॉटेजमध्ये जेवणार.'

"पाह्य, पाह्य! बटाटे काढणी!" काका उड्या मारायचेच बाकी असत. "आमच्या शाळेत कापूस वेचणीले अशीच पोरं गायब होत. गुरुजी असंच लिहीत. काय फरक आहे, सांग मले!"

मी काय सांगणार? मी पुण्याची. आमच्या शाळेत गैरहजर राहायला डॉक्टरची चिठ्ठी लागायची.

आणि एक दिवस टाउनशिपनं ती शाळा विक्रीला काढली. एका कंपनीला तिथं लोकांचं सामान भाड्यानं ठेवायच्या गोदामांची रांग बांधायची होती. मार्गारेटबाई त्या सकाळी चहाला आल्या त्या नोटीस घेऊनच. कप हातात तसाच राहिला. म्हणाल्या, "माझ्या आईनं जिथं अक्षरं गिरवली तिथं लोक जुने सोफे ठेवणार."

मग दोनच दिवसांत त्यांनी चर्चच्या पेटीतून एक कागद शोधून काढला. दानपत्राची नक्कल. गावातल्या पहिल्या शेतकऱ्यांपैकी एकानं जमिनीचा तुकडा मुलांच्या शिक्षणासाठी कायमचा दिला होता. शाळा त्या तुकड्यावर उभी असेल तर टाउनशिपला ती विकता येत नव्हती. टाउनशिपच्या वकिलाचं म्हणणं असं की दानाची जमीन म्हणजे चर्चला लागून असलेली मोकळी हिरवळ. शाळा तिच्या पलीकडे, वेगळ्या तुकड्यावर आहे. दानपत्रात तर सगळं स्पष्ट होतं: चर्चच्या कोपऱ्यावरच्या दगडापासून रस्त्याला धरून पूर्वेकडे पाच साखळ्या, तिथल्या दगडापर्यंत. मग उत्तरेला दोन.

"चेन्स?" मार्गारेटबाई म्हणाल्या. "म्हणजे किती? मला तर ट्रॅक्टरच्या चाकाला लावतात तीच चेन माहीत आहे."

काका उभे राहिले. मी त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. सगळ्या कॅनडात, या एका टेबलाशी, नेमका तोच माणूस होता ज्याच्याकडे साखळी होती! काकू देवापुढे साखर ठेवायला पळाल्या. मार्गारेटबाईंनी काकांचे दोन्ही हात धरले.

रविवारी चर्च सुटल्यावर मोजणी. अख्खं गाव जमलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, साखळी घासूनपुसून चकचकीत केली होती. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला काका, मध्ये बाण, म्हणजे खुणेच्या सळ्या, रोवायला पशुखाद्यवाला. पहिली साखळी. दुसरी. लोक टाळ्या वाजवायला लागले. तिसरी. चौथी. आणि शाळा अजून खूप लांब होती. पाचवी साखळी हिरवळीच्या मधोमध संपली. एकशे पासष्ट फूट. शाळेची भिंत दगडापासून अडीचशे फुटांवर. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

काकांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. तेच.

"आणि दुसरा दगड?" मी विचारलं. "पाच साखळ्यांवर दगड आहे असं लिहिलंय ना?"

"कुणी नेला असेल उपटून," काका हळूच म्हणाले. "आमच्या इकडं हद्दीचे दगड लोक धुणं धुवायले नेतात."

आता इथं मला माझं स्वतःचं सांगितलं पाहिजे. माझ्या खिशात फोन होता. साखळीची लांबी किती, हे विचारायला दहा सेकंद लागली असती. पण ज्यानं चाळीस वर्षं साखळी ओढली त्याच्यासमोर फोन काढून साखळीची लांबी शोधायची? माझी टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला तशी शंकाही आली नाही.

सोमवारच्या टाउनशिपच्या बैठकीला जाऊ नका म्हणून मी त्यांच्या मागे लागले. "काका, तुम्हाला कुणी विचारलंय का? त्यांनी हायर केलंय का तुम्हाला? गप्प राहा ना. त्यांचं त्यांना प्रूव्ह करू दे."

"मोजणी झाली की नकाशा द्यावा लागते," काका म्हणाले. "जो जिंकते त्याले आन् जो हरते त्यालेही."

आणि त्यांनी दिला. भर सभेत उभं राहून, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की शाळा दानाच्या जमिनीच्या बाहेर पंच्याऐंशी फूट आहे. खाली सही. मेयरनी त्यांचे मनापासून आभार मानले. मानणारच! विरुद्ध बाजूच्या माणसानं फुकटात त्यांची केस सिद्ध करून दिली होती. शेवटचा निर्णय तीन आठवड्यांनी होणार होता, पण तो काय असणार हे सगळ्यांनाच कळलं. मला काकांचा इतका राग आला होता की परत येताना गाडीत मी रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला.

मार्गारेटबाई रागावल्या नाहीत. पार्किंगमध्ये त्या काकांना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जे मोजलं तेच सांगितलंत." दुसऱ्या दिवशी दहा वाजता मात्र त्या चहाला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू चार कप मांडायच्या आणि एक उचलून ठेवायच्या.

आठवड्याभरानं काकू माझ्या खोलीत आल्या. घाबरलेल्या. "पोरी, हे चालताना बोलून रायले व. मले भेव वाटते."

खरंच होतं. काका पावलं मोजायचे बंद झाले होते. लोकांना नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणत होते. पशुखाद्यवाल्यानं आकडा ओरडला तर मान हलवून पुढे जात होते. गावात सगळ्यांनाच ते बघवत नव्हतं.

मग तो गुरुवार. दुपारची साडेतीनची वेळ, मी मीटिंगमध्ये. दार ढकलून काका आत, हातात चर्चच्या पेटीतला एक कागद, डोळ्यांत पूर्वीची ती चमक. मी घाईघाईनं माइक म्यूट केला.

"इंग्रज चुकले!" काका ओरडले. "चुकले! कागदावर लिहिते की गावातला रस्ता कुंपणापासून कुंपणापर्यंत एक साखळी रुंद. मी आत्ता मोजून आलो. दोन साखळ्या! अव, एवढा मोठा घोळ! म्हणे इंग्रजांची मोजणी! माझ्या हाताखालच्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याले..."

इतक्या दिवसांनी ते हसत होते. टेबलावर हात आपटून हसत होते. मलाही इतकं बरं वाटलं की मी मीटिंग सोडून दिली.

"अगदी दोन, काका? की जवळपास दोन?"

"अगदी! सहासष्ट फूट. एक बोट इकडं नाही, तिकडं नाही."

"म्हणजे चुकले तेही बरोब्बर दुपटीनं?"

मी आपलं चेष्टेत म्हटलं होतं. काकांचं हसू थांबलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि साखळी उचलून जिन्यावरून जे खाली सुटले ते गावाबाहेरच्या दुसऱ्या रस्त्यापर्यंत! मी मागे मोज्यांवर बूट चढवत. मार्च संपत आलेला, सगळीकडे चिखल. कागदावर तोही एक साखळीच होता. त्या रस्त्याच्या एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत आम्ही साखळी टाकली. एक. पुन्हा टाकली. दोन. सहासष्ट.

"दोन रस्ते एकच चूक करत नाहीत," काका म्हणाले आणि तिथेच चिखलात, चारीच्या काठावर बसले. "चूक त्यांची नाही व. त्यांची साखळीच सहासष्टची. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. इंग्रजी साखळी वेगळी, आपली वेगळी. परीक्षेत लिहिलं होतं मी. मार्क भेटले होते."

मला टाळ्या पिटून नाचावंसं वाटत होतं. पाच साखळ्या म्हणजे तीनशे तीस फूट! शाळा आत! बरोब्बर आत! मी काकांना हाताला धरून ओढलं, पण ते उठेनात. स्वतःच्या हातातल्या साखळीकडे बघत बसले होते.

"उठा ना काका! दगड!"

दगड म्हटल्यावर उठले. वाटेत मी मार्गारेटबाईंचं दार बडवलं. त्या घरातल्या चपला घालूनच बाहेर आल्या. काकू आल्या. पशुखाद्यवाला दुकान उघडं टाकून आला. चर्चच्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात. या वेळी दहा वेळा साखळी टाकली. हिरवळ गेली, शाळेची भिंत गेली, शाळेचा जुना हापसा गेला आणि दहावी साखळी काटेरी झुडपांत घुसली. पशुखाद्यवाल्यानं झुडपं तोडली. काकांनी गुडघ्यांवर बसून हातांनी गवत उपटलं, माती खरवडली. वीतभर खाली नखं दगडावर घासली. चौकोनी, घडीव, वरच्या तोंडावर छिन्नीनं कोरलेली फुली.

मार्गारेटबाई किंचाळल्या! चौऱ्याऐंशी वर्षांची बाई चिखलात उड्या मारत होती आणि काकू तिला धरून रडत होत्या. मी फोटो काढले, सगळे हललेले आले. काका तेवढे दगडावर हात ठेवून बसून राहिले होते.

का, ते रात्री कळलं. जेवण झाल्यावर काकांनी कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं: फेरमोजणीचा अर्ज. आपल्याकडे एखाद्याला मोजणी मान्य नसली की तो फेरमोजणी मागतो. काकांच्या चाळीस वर्षांत त्यांच्याविरुद्ध असे अर्ज पुष्कळ आले. वरच्या साहेबांनी येऊन पुन्हा मोजलं आणि दर वेळी काकांचंच खरं निघालं. एकही मोजणी त्यांना मागे घ्यावी लागली नव्हती. मुलीच्या लग्नापेक्षा त्यांना त्याचा अभिमान जास्त, असं काकू म्हणायच्या. आता अर्जदाराच्या जागी त्यांचं नाव होतं आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज त्या जागीही त्यांचंच.

मार्गारेटबाई बसल्या होत्या. मी त्यांना अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "हे कशाला? दगड पुरेसा आहे. नवा पुरावा सापडला, एवढंच सांगा."

मीही म्हटलं, "हो काका. न्यू एव्हिडन्स. खोटंही नाही. तुमची चूक होती हे कुणाला कळायचीही गरज नाही. टाउनशिपनंही कुठे चेक केलं?"

काका पेन फिरवत राहिले. त्यांना ते हवं होतं, मला स्पष्ट दिसत होतं. मग म्हणाले, "पहिल्या नकाशावर माझी सही आहे. तो कागद तसाच राहिला तर उद्या कोणी तो काढून शाळा पुन्हा विकंल. त्याच्यावर फुली मलेच मारावी लागते."

सभेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मुलगी लंडनहून शिफ्ट बदलून आली होती. काका माइकसमोर गेले. दोन आठवडे आरशासमोर घोकलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "सर, आय हॅव कम टू रिपोर्ट अगेन्स्ट मायसेल्फ."

कुणीतरी हसलं. मेयरनी मान वर केली.

काकांनी साखळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आमच्या देशात एवढी असते. तुमच्या कागदात जी आहे ती दुप्पट. मला हे शिकवलेलं होतं, मी विसरलो. सहा वर्षं मी तुमच्या सहासष्ट फुटांच्या रस्त्यावरून रोज चाललो, रोज पावलं मोजली आणि एकदाही विचारलं नाही की हा रस्ता एवढाच का. पहिली मोजणी चुकीची आहे. चूक माझी आहे. मग त्यांनी पहिला नकाशा मागून घेतला, सर्वांसमोर त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी फुली मारली आणि खाली सही केली. माझ्या शेजारी काकूंनी डोळे मिटून घेतले होते. मला त्या क्षणी ते पायाच्या बोटापासून टोपीपर्यंत इतके आवडले की काय सांगू.

वकिलानं दगडाचे फोटो पाहिले, मग दोन-तीन वेळा फोनवर काहीतरी तपासलं. अखेर मेयरच्या कानाशी लागून कुजबुजला. मतदान झालं. पाचपैकी पाच हात वर. शाळा विक्रीच्या यादीतून बाहेर! असा काही गलका उठला की मेयरना हातोडा आपटावा लागला. मार्गारेटबाईंनी काकांना सगळ्यांदेखत मिठी मारली आणि काका दोन्ही हात ताठ करून उभे राहिले.

गलका ओसरल्यावर क्लार्कबाईंनी इतिवृत्तासाठी काकांना पुन्हा माइकजवळ बोलावलं. नाव विचारलं, त्यांनी अक्षरं सांगितली. पत्ता विचारला, तो सांगितला.

"आणि या गावात किती दिवसांपासून राहता?"

काका विचारात पडले. मुलीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, टेबलावरच्या साखळीकडे पाहिलं. बोटांवर काहीतरी मोजलं.

"दोन आठवडे झाले, मॅडम," ते म्हणाले. "तुमची साखळी कळली त्या गुरुवारपासून."

सभागृह हसलं, मेयरही हसले. काका हसले नाहीत. क्लार्कबाई पेन हातात धरून थांबल्या होत्या.

"गुरुवार?"

"येस, मॅडम. अराउंड फोर ओ'क्लॉक."

त्यांनी क्षणभर काकांकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.